पोराला एका थ्रोवर मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शालेय स्पर्धांचे निकाल येतात, त्यात बेसबॉलला दोन ओळी मिळतात आणि आमच्या घरात त्या दोन ओळी कापून ठेवतात, म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, गाव गुहागर तालुक्यात. बेसबॉल म्हटलं की लोक हसतात, माझ्या सासूबाई पण पहिल्यांदा म्हणाल्या ही लगोरीच ना रे, आता त्याच अंगणात बसून स्ट्राइक झाला म्हणून ओरडतात.

तर एका निवड चाचणीला गेलो होतो, सप्टेंबरचा पाऊस, लाल मातीचा नुसता चिखल, पोरं दोन तास बसून आणि मग एकदम नाव पुकारलं की उठायचं, तीन बॉल मारायचे, एक थ्रो टाकायचा, एकदा धावायचं, झालं. वॉर्मअप नाय काय नाय. माझा पोरगा धावताना घसरला, ती एकच धाव धरली. वर ऐकायला मिळालं, उंची कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. ज्यांना मिशी फुटलीय ते बहुतेक सगळे आत. निवड झाली नाय याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू, पण तक्रार वेगळी आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे, दर महिन्याला पोरांचं वजन-उंची घेऊन तक्त्यावर टिंब मांडते. एका टिंबावरून आम्ही काही ठरवत नाय, रेषा कुठे चाललीय ते बघतो. आणि तेरा वर्षांचं पोर म्हणजे काय, एकाच वर्गात एकाचं अंग दोन वर्षं पुढे तर दुसऱ्याचं दोन वर्षं मागे, जन्मतारीख तीच असली तरी. मागचा पोरगा एका उन्हाळ्यात वीतभर वाढतो आणि मग काही महिने त्याला स्वतःचे हातपायच आवरत नाय, तेव्हा चाचणी घेतलीत तर तो आळशीच दिसणार ना.

अमेरिकेत मोठ्या लीगचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, पोरगा बघायला जातात तेव्हा पाच गोष्टी वेगवेगळ्या बघतात, बॅटला बॉल नीट लागतो का, ताकदीने लांब जातो का, धावणं, फील्डिंग आणि थ्रोचा हात. प्रत्येकाला २० ते ८० मध्ये आकडा, त्यात ५० म्हणजे मोठ्या लीगमधला साधारण खेळाडू. मला आवडलं ते हे की आकडे दोन असतात, एक आजचा आणि एक पुढे कुठवर जाईल त्याचा. आमच्या इथल्या कागदावर एकच रकाना होता, त्यात बहुतेक उंचीच लिहीत असतील (कागद कोणी दाखवला नाय, म्हणून अंदाज).

रकाना असता तर काय लिहिलं असतं? बॅटचा आवाज झाल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं. बॉल ग्लोव्हमध्ये आल्यापासून हातातून सुटेपर्यंत किती वेळ लागतो. बाहेरचा बॉल सोडतो की सगळ्यावर बॅट फिरवतो. याला उंची लागत नाय.

हाताचं तर मला जास्तच वाटतं. आमची पोरं वर्षभर टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात, तो ५८ ग्रॅमच्या आसपास, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे अडीच पट, आणि बसल्या जागेवरून उठवून सांगायचं जोरात टाक. या वयात कोपराजवळच्या हाडाचं वाढीचं टोक अजून कच्चं असतं, तिथेच दुखणं लागतं. अमेरिकेतल्या नियमावलीत १३-१४ वर्षांच्या पिचरला, म्हणजे बॅटवाल्याला बॉल टाकणाऱ्याला, दिवसाला ९५ च्या वर पिच नाय, ६६ टाकले की चार दिवस सुट्टी. आमच्याकडे मोजतंय कोण?

२००८ मध्ये आपल्याकडे एक टीव्ही स्पर्धा झाली होती, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबपर्यंत पोचले, दोघं मूळचे भालाफेकवाले, बेसबॉल कधी खेळलेले नव्हते. मुख्य जोर थ्रोच्या वेगावर आणि नेमावर होता. मोठ्या लीगमध्ये दोघांपैकी कोणी खेळला नाय, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान झाला. त्यांनी नाव काढलं यात शंकाच नाय, पण नुसता हात बघून बेसबॉलपटू होत नाय एवढं त्यावरून कळतं.

मागणं फार नाय. दोन वेगळ्या दिवशी बघा, जमलं तर एकदा पाऊस उघडल्यावर. धावणं दोनदा घ्या आणि चांगली वेळ धरा. थ्रोच्या आधी हात गरम करू द्या. आणि कागद पोराला दाखवा, त्याला कळू दे काय सुधारायचं.

आम्ही घरी विहिरीपासून फणसापर्यंत २७ मीटर ४३ सेंटिमीटर टेपने मोजून खुणा केल्यात, होम (बॅटवाला उभा राहतो ती जागा) ते पहिल्या बेसचं अंतर. जूनमध्ये ५.१ सेकंद, आता ४.८, मोबाईलवरचं आहे तेव्हा थोडं इकडेतिकडे. वही ठेवलीय. चाचणी घेणाऱ्या सरांना बघायची असेल तर मी स्वतः एस्टीने घेऊन येते.

आपली नम्र,
एका खेळाडूची आई
ता. गुहागर