पन्नासावी लढत कोणाशी?

रविवारच्या क्रीडा पानावरील लेखात मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरला ५०-० (पन्नास विजय, एकही पराभव नाही) या आकड्याच्या जोरावर मुहंमद अलीहून श्रेष्ठ ठरवले आहे. हा निवाडा पटला नाही. मेवेदरच्या बचावाला तोड नव्हती, याबद्दल दुमत नाही. पण त्या पन्नासातली शेवटची लढत ऑगस्ट २०१७ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळाडू कॉनर मॅकग्रेगर याच्याशी झाली आणि मॅकग्रेगरची ती व्यावसायिक मुष्टियुद्धातली पहिलीच लढत होती! जुन्या काळचा हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो याचा ४९-० चा आकडा मेवेदरने ओलांडला तो अशा विजयाने, याचा लेखात उल्लेखही नाही. आपल्याकडे तालमीत मल्लाचे नाव निघाले की कुस्ती कोणाशी जोडली होती, हे आधी विचारतात.

अलीच्या नावावर ५६ विजय आणि ५ पराभव आहेत. त्याला हरवणाऱ्यांपैकी जो फ्रेझियर, केन नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्स या तिघांनाही त्याने पुढे हरवले. फ्रेझियर व नॉर्टन यांना तर दोनदा. उरलेले दोन पराभव १९८० आणि १९८१ मधले, म्हणजे वयाच्या ३८ व्या आणि ३९ व्या वर्षीचे. त्या लढती झाल्याच नसत्या तर बरे झाले असते, हा भाग वेगळा. शिवाय सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० अशी ऐन उमेदीची तीन वर्षे तो रिंगणाबाहेर होता. अशी तुलना पुन्हा छापताना आकड्यांशेजारी प्रतिस्पर्ध्यांची नावे आणि लढतीची वर्षेही द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे