स्वस्त कॅमेऱ्याचा खोक्यावर न छापलेला दोष

महोदय,

ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरू लागले की ऐरोलीहून निघणाऱ्या होडीत छोटा डिजिटल कॅमेरा घेतलेली शाळकरी मुले दिसतात. त्यांच्या पालकांसाठी हे पत्र. असा कॅमेरा मी पाच वर्षे वापरला असून त्याचे खरे बळ ऑप्टिकल झूममध्ये आहे, असे माझे मत झाले आहे. त्यात भिंगे प्रत्यक्ष सरकून दूरचा पक्षी जवळ आणतात, तर डिजिटल झूम चित्राचा मधला भाग कापून केवळ मोठा करतो. सकाळच्या स्वच्छ उन्हातली छायाचित्रे म्हणूनच समाधान देतात. मात्र अशा बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारा भाग, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असल्याने त्यावर पडणारा प्रकाश मुळातच थोडा असतो आणि सूर्य कलला की गुलाबी पंखांवर रंगीत दाणे उमटतात, मग खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. बटण दाबल्यावर चित्र टिपायला लागणारा विलंबही उडत्या थव्यासाठी गैरसोयीचा ठरतो. विक्रेत्यांनी मेगापिक्सेलआधी सेन्सरचा आकार आणि ऑप्टिकल झूमची पट ग्राहकाला सांगावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई