पहिले नाटक: आधी पट मोजा, मग संहिता शोधा

मा. संपादक,
स. न.

गॅदरिंगचे वेध लागले की छोट्या शाळांतले शिक्षक नाटकाच्या शोधात निघतात. हाती लागते ते बहुतेकदा स्पर्धेत गाजलेल्या बालनाट्याची झेरॉक्स, मोबाइलवर फिरणारी पीडीएफ, नाहीतर शिवचरित्रातला एखादा प्रवेश. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, बागलाणकडच्या ज्या शाळा यंदा पहिल्यांदाच नाटक बसवायला निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र. नाशिक हे शिरवाडकर-कानेटकरांचे गाव. त्यामुळे नाटक म्हणजे भारदस्त भाषा आणि लांबलचक स्वगत, ही समजूत आपल्याकडे जरा जास्तच घट्ट आहे. सातवीतल्या मुलाच्या तोंडी म्हाताऱ्या नटाचे स्वगत घातले की टाळ्या पडतात, नाही असे नाही. पण त्यात एक मुलगा पाठांतर करतो आणि बाकीची शाळा सतरंजीवर बसून बघते.

नाटक कोणते, हे सर्वांत शेवटी ठरवावे. आधी पट पाहावा. चौथी ते सातवीची २४ मुले पटावर असतील तर तालमीला रोज १६ येतील असे धरावे आणि त्यातली दोन-तीन ऐन वेळी गळतील हेही धरावे. छापील बालनाट्यांत बहुधा सात-आठ नावाची पात्रे असतात आणि निम्मे नाटक एकाच्या खांद्यावर असते. ते पोर तापाने पडले की नाटक पडले. म्हणून संहिता हातात आली की रंगीत पेन्सिल घेऊन प्रत्येक पात्राची वाक्ये मोजावीत. एकाच पात्राकडे एकूण वाक्यांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असतील तर ती संहिता पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी. 'गावकरी १', 'गावकरी २' अशी मुकी पात्रे किती आहेत तेही मोजावे. वीस मिनिटे नुसते उभे राहायला लावलेले मूल पुढच्या वर्षी तालमीला येत नाही.

मोठी भूमिका असलेले नाटक फारच मनात भरले असेल तर ती भूमिका तिघांत वाटावी. राजाचे लाल उपरणे ज्याच्या खांद्यावर, तो राजा. प्रवेश बदलताना सगळ्यांच्या देखत उपरणे एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे. प्रेक्षकांना हे दुसऱ्याच वेळी कळते, आणि एखादा राजा गैरहजर असला तरी नाटक थांबत नाही.

आमच्या मते पहिल्या नाटकासाठी साखळीची गोष्ट सर्वांत सोयीची. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी घ्या. वाटेत भेटणारा प्रत्येक प्राणी तोच प्रश्न विचारतो आणि तेच उत्तर घेऊन जातो. मुले वाढली तर प्राणी वाढवावेत, घटली तर कमी करावेत. एकाने वाक्य गाळले तर पुढचा सावरून घेतो, आणि 'चल रे भोपळ्या, टुणूक टुणूक' तर प्रेक्षकच म्हणतात. सहावी-सातवीची मुले 'हे बारक्यांचे आहे' म्हणून नाक मुरडतील. त्यांच्यासाठी सांगाडा तोच ठेवून वाघ-कोल्ह्यांच्या जागी मुकादम, कांद्याचा व्यापारी, कंडक्टर, दाखला मागणारा बाबू असे लोक आणावेत. वाक्ये मुलेच भराभर सुचवतात, शिक्षकाला फक्त लिहून घ्यावी लागतात.

लांबी २० ते २५ मिनिटांची असावी, त्याहून जास्त नको. फुलस्केपवर हाताने लिहिलेल्या एका पानाला हालचाल धरून दीड ते दोन मिनिटे लागतात, म्हणजे बारा-तेरा पाने पुरे. घड्याळ लावून मोठ्याने वाचावे आणि आलेल्या वेळेत तिसरा हिस्सा मिळवावा. घटना एकाच जागी घडणारी हवी. राजवाडा, जंगल, पुन्हा राजवाडा असे असले की दर वेळी पडदा पाडावा लागतो. पडदा ओढणारा दादा दोरीशी झटत असताना मागची पोरे गप्पा मारू लागली की त्यांना परत नाटकात आणणे अवघड.

महिन्याचा विचार तर फारच कमी शाळा करतात. सुरगाणा-पेठकडची बरीच कुटुंबे भात निघाले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि मुलेही बरोबर जातात. तिकडे जानेवारीच्या गॅदरिंगसाठी नाटक धरले तर ऑगस्टमध्ये निवडलेले नट तेव्हा गावात नसतात. अशा शाळांनी प्रयोग दिवाळीच्या सुट्टीआधीच करून टाकावा. बागाईत भागातल्या शाळांनी उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे आठवडे टाळावेत. तालमींना सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज ४० मिनिटे एवढे पुरते. पहिला आठवडा मुलांच्या हाती कागद देऊच नये. गोष्ट सांगून प्रसंग त्यांच्याच शब्दांत करून घ्यावेत. आधी पाठांतर झाले की कवितेचा हेल चिकटतो आणि तो प्रयोगापर्यंत सुटत नाही.

तो हेल चिकटण्याचे दुसरे कारण भाषा. घरी कोकणी, डांगी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी वाक्य दिले की ते बोलत नाही, वाचून दाखवते. संहिता मुलांच्या बोलीत फिरवून घ्यावी. एवढी एक गोष्ट केली तरी अर्धे दिग्दर्शन होते. मात्र बोली बोलणारा तो वेंधळा नोकर आणि शुद्ध बोलणारा तो शहाणा मास्तर, अशी वाटणी असलेले नाटक घेऊच नये. अशा संहिता छापील पुस्तकांत कमी नाहीत, आणि मुलांना त्यातला अपमान नीट कळतो.

आता जागा. वर्गासमोरचा ओटा, त्यापुढे १५ बाय १२ फूट मोकळी जमीन, एवढे असले की रंगमंच झाला. विंगा नाहीत, तेव्हा पात्रांनी आत-बाहेर करायचेच नाही. सगळी मुले अर्धवर्तुळात बसलेली, आपली पाळी आली की उठून पुढे यायचे. बसलेली मुले मधल्या वेळात गाणे धरतात, ताल देतात, वारा होतात, झाड होतात. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगे ज्यांच्या गावात नाचतात त्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. प्रयोग दुपारी चारला इमारतीच्या पूर्वेच्या अंगाला ठेवावा, म्हणजे सावली पडते, कोणाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि विजेवर काही अडत नाही.

माइक शक्यतो टाळावा. स्टँडवर दोन माइक लावले की प्रत्येक मूल वाक्य म्हणायला माइकपाशी पळते, बोलून मागे सरकते, आणि नाटकाची रांग होते. प्रेक्षक तीन बाजूंनी, २५-३० फुटांच्या आत बसवले तर दहा-बारा वर्षांच्या मुलाचा आवाज पोहोचतो. त्यासाठी वाक्ये छोटी हवीत, एका दमात सात-आठ शब्द. माइक लावायचाच असेल तर स्पीकरचे बॉक्स माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावेत. मागे ठेवले की शिट्टी वाजणारच.

मुखवट्यांची हौस असेल तर नाकापर्यंतचेच करावेत, पूर्ण मुखवट्यात आवाज कोंडतो. रद्दीचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून पाच-सहा थर द्यावेत. प्रत्येक थर वाळला की मगच पुढचा, नाहीतर आत बुरशी धरते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. ते विषारी असते आणि मुखवटा मुलाच्या तोंडाला लागणार असतो. भाड्याची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, आदल्या संध्याकाळी येते, ती मोठ्यांच्या मापाची असते, आणि धोतर नेमके तलवारीच्या प्रसंगात सुटते. पांढरा सदरा, त्यावर उपरणे किंवा ओढणी, एवढ्यात भागते. उरलेल्या पैशांत एक डफ येईल.

हक्कांविषयीही थोडे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असले तर. तेच नाटक जत्रेच्या स्टेजवर नेले किंवा तिकीट लावले की लेखकाची परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या गोष्टी २०११ पासून सर्वांना खुल्या आहेत. त्यांचे नाट्यरूपांतर शाळेनेच करावे.

एक सूचना जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासाठी. प्रत्येक केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत, नाटकांची एक फाइल ठेवावी. ज्या शाळेने नाटक केले तिने आपली संहिता, पेन्सिलीच्या खाडाखोडीसकट, तिथे जमा करावी आणि वर मुलांची संख्या, मिनिटे, बोली, लागलेले सामान आणि कुठे अडले ते लिहावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती फाइल दहा मिनिटे टेबलावर असली तरी पुढच्या शाळेला पीडीएफ शोधत बसावे लागणार नाही. याला वेगळा निधी लागत नाही, केंद्रप्रमुखांनी एक फाइल उघडली की झाले.

– ग्रामीण शाळांत नाट्यशिबिरे घेणारे काही शिक्षक, नाशिक