मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र : एजंटला इमारतही शिकवा

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात फ्लॅटची खरेदी-विक्री करून देणारा रजिस्टर्ड एजंट आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या घरबांधणी व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा प्राधिकरणाने, 10 जानेवारी 2023 ला आदेश काढून एजंट लोकांना ट्रेनिंग आणि परीक्षा कम्पल्सरी केली तेव्हा आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांनी कुरकुर केली, पण मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. कोणीही उठावं, दोन चाव्या खिशात टाकाव्यात आणि ब्रोकर म्हणून फिरावं, हे बंद होणं गरजेचंच होतं.

आता त्याच्या पुढचं एक पाऊल टाका, एवढंच मागणं आहे. आत्ताच्या ट्रेनिंगमध्ये भर आहे तो कायद्यावर आणि कागदपत्रांवर. कार्पेट एरिया कसा मोजायचा, अॅग्रीमेंट फॉर सेल, प्रोजेक्टचा रेरा नंबर जाहिरातीत टाकायचा, हे सगळं हवंच. पण आम्ही विकतो काय? भिंती, स्लॅब, कॉलम, पाइप. आणि त्याबद्दल आमच्यातल्या बहुतेकांना कुणीच कधी काही शिकवलेलं नाही, जे काय येतं ते साइटवर मुकादमाच्या तोंडून ऐकलेलं, अर्धं खरं अर्धं खोटं.

आता रोजचा प्रश्न बघा. गिऱ्हाईक नवीन टॉवरमध्ये टू बीएचके बघायला येतं, बाई किचनमध्ये उभ्या राहतात आणि विचारतात, दादा, ही मधली भिंत काढून किचन ओपन करता येईल का? आणि एजंट लगेच म्हणतो, हो मॅडम, पझेशननंतर काय पण करा. अहो, पण बिल्डिंग मिवानची आहे! म्हणजे अॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये, साच्यात, भिंत आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने भरतात, आतल्या भिंतीतसुद्धा सळई असते, बहुतेक भिंती लोड घेतात, तिथे सॉकेट हलवायला खाच मारायची तरी इंजिनिअरला विचारावं लागतं. ब्लॉकची भिंत असेल तर गोष्ट वेगळी, तरी सोसायटी आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाहीच. पण दोन्हीतला फरक ओळखायला एजंटला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, कुणीतरी एकदा साइटवर उभं करून दाखवलं तरी पुरे. तळमजल्याच्या दुकानांचं तर याहून वाईट, गाळा मोठा दिसावा म्हणून भिंती पाडतात, कॉलमला धक्के देतात, आणि वर अख्खी सोसायटी झोपलेली असते. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात लांब अहमदाबादमधल्या बिल्डिंगी पडल्या, त्यातल्या कितीतरी खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या होत्या. खालच्या मजल्याला भिंती नसल्या की तो मजला कमजोर पडतो, हे त्यातून देश शिकला, पण फ्लॅट विकणाऱ्यापर्यंत ते पोचलं नाही.

रीसेलमध्ये तर फारच जपायला हवं. आमच्याकडे तीस-पस्तीस वर्षांच्या चार मजली बिल्डिंगी शेकड्यांनी आहेत. अशा एका फ्लॅटमध्ये मी गिऱ्हाइकाला घेऊन गेलो होतो, नवा कोरा रंग, हॉलमध्ये पीओपी, सगळं चकाचक. बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये मी बीमवर बोटाच्या पेराने ठोकून बघितलं तर पोकळ आवाज. मालकाला विचारून रंगाचा पोपडा काढला, आत कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलेलं आणि सळई गंजून तिचे पापुद्रे निघत होते. वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती वर्षानुवर्षं त्या बीममध्ये मुरलेली. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते, म्हणून तर आधी छज्जे आणि बाथरूमखालचे स्लॅब पडतात. मालकाबरोबर आलेला दुसरा एजंट मनापासून म्हणाला, पावसाळ्यात सगळीकडेच होतं हो असं. तो खोटं बोलत नव्हता साहेब, त्याला खरंच माहीत नव्हतं! मला माहीत होतं कारण माझे काका बांधकामावर सुपरवायझर होते आणि लहानपणी मी त्यांच्यामागे फिरायचो. असं नशीब प्रत्येक एजंटचं नसतं, आणि गिऱ्हाइकाचा जीव एजंटच्या नशिबावर सोडून चालणार नाही.

24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन बिल्डिंग पडली, 16 माणसं गेली, बिल्डिंगला दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट पडली, 17 जण गेले, तीही काही जुनी नव्हती. म्हणजे बिल्डिंग नवीन आहे, काळजी नको, हे आमच्या तोंडातलं सगळ्यात आवडतं वाक्य आधी बंद व्हायला हवं. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण अशा ठिकाणी घर बघायला येणारा माणूस पहिल्यांदा आमच्यासारख्या कुणालातरीच भेटतो, हे नाकारता येत नाही.

आमच्यातलेच काही म्हणतील, आम्ही काय स्ट्रक्चरल इंजिनिअर आहोत का? नाही, आणि कुणी व्हायलाही सांगत नाही. सर्टिफिकेट इंजिनिअरनेच द्यायचं. पण कॉलमला साधारण 40 मिलिमीटर कव्हर असतं, नवीन काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर 10 दिवस पाणी मारावं लागतं, गिलाव्याला गेलेली केसासारखी रेघ वेगळी आणि बीममध्ये तिरकी गेलेली भेग वेगळी, एवढं कळलं की इंजिनिअरला कधी बोलवायचं ते कळतं. रेरा कायद्याच्या कलम 14(3) मध्ये पझेशनपासून 5 वर्षं स्ट्रक्चरल दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा आहे, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, पण दोष दिसतो कसा तेच माहीत नसेल तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? तसंच 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, तो रिपोर्ट समोर आला की एजंट शेवटच्या पानावरचा शिक्का बघतो आणि फाइल बंद करतो. काँक्रीटचा कडकपणा बघायचा रीबाउंड हॅमर म्हणजे काय, सळई गंजतेय का ते बघायची हाफ सेल टेस्ट कशासाठी करतात, हे माहीत असतं तर त्याने निदान दोन प्रश्न विचारले असते.

म्हणून विनंती अशी की महारेराशी बोलून ट्रेनिंगमध्ये बांधकामाचे दोन दिवस वाढवा, आणि ते दोन्ही दिवस एसी हॉलमध्ये प्रेझेंटेशन बघण्यात जाऊ देऊ नका. एक दिवस चालू साइटवर, सळई बांधताना, स्लॅब भरताना, काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, म्हणजे क्यूब भरताना, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून ठेवतात ते दाखवा. दुसरा दिवस जुन्या बिल्डिंगमध्ये, एखाद्या स्ट्रक्चरल ऑडिटरबरोबर. शिकवायला माणसं कमी नाहीत, जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी पॉलिटेक्निक आहेत, तिथले सिव्हिलचे सर लोक हे उत्तम शिकवतील, आणि साइटवर चालते त्या मराठीत शिकवतील. परीक्षेत यावर प्रश्न ठेवा, नाहीतर कुणी मन लावून ऐकणार नाही, हे मी आमच्याच लोकांना ओळखून सांगतो. आणि जे आधीच पास झालेत, माझ्यासकट, त्यांना 5 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना हे दोन दिवस कम्पल्सरी करा.

फी थोडी वाढली तरी चालेल, एका डीलच्या ब्रोकरेजपुढे ती काहीच नाही. फक्त गडचिरोली-नंदुरबारच्या एजंटला त्यासाठी मुंबई-पुण्याला यावं लागू नये, एवढं बघा.

आपला,
कल्याण-डोंबिवलीतला एक रजिस्टर्ड एजंट