केनियाचं पर्यटन एकट्या चाच्यांनी बुडवलं नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीतला चाचेगिरी आणि पर्यटनावरचा लेख वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून एक दिवस थांबलो. राग काही उतरलेला नाही. केनियाचं पर्यटन बुडाल्याचं सगळं खापर लेखकाने सोमाली चाच्यांवर फोडलं आहे, आणि उपाय म्हणून आणखी गस्ती नौका सुचवल्या आहेत. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये नोकरी केली. चाचे चढू नयेत म्हणून रेझर वायर (धारदार काटेरी तार) गुंडाळलेल्या जहाजातून सोमालियाजवळचं पाणी अनेकदा ओलांडलं आहे, त्यामुळे चाच्यांची भीती मी कमी लेखणार नाही. पण लेखात निम्मीच गोष्ट आली आहे.

डिसेंबर २०११ मध्ये आमचं मालवाहू जहाज केनियातल्या मोम्बासाच्या किलिंदिनी बंदरात लागलं होतं. गेटबाहेर पन्नाशीचा एक टॅक्सीवाला भेटला. क्रूझ आली की प्रवाशांना फोर्ट जीझस हा किल्ला दाखवायचा, कुणाकडे वेळ असेल तर त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती दाखवायला न्यायचा, यावर त्याचं घर चालायचं. क्रूझच्या तारखांचा कागद त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला होता आणि बऱ्याच तारखांवर पेनाने काट मारलेली होती. आम्हा तिघांना त्याने दुपारभर किल्ला आणि जुनं शहर हिंडवलं. परत गेटशी सोडताना पैशांविषयी बोलायचं सोडून त्याने विचारलं, "जहाजावर काही काम मिळेल का? रंगकाम, साफसफाई, काहीही." माझ्या हातात काहीच नव्हतं. भाड्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले आणि मान खाली घालून आत गेलो. अजून तो कागद डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याला कारणं नीट ठाऊक होती. क्रूझ चाच्यांमुळे बंद झाल्या, हे तोच सांगत होता. २००५ मध्ये 'सीबोर्न स्पिरिट' या क्रूझवर रॉकेट डागलं गेलं, ती मोम्बासालाच यायला निघाली होती. पण त्याचं म्हणणं असं की विमानाने येणारी गिऱ्हाइकंही सप्टेंबरपासून तुटली. त्या महिन्यात सोमालियाच्या सीमेजवळच्या किवायूच्या रिसॉर्टमध्ये एका ब्रिटिश पर्यटकाला ठार करून त्याच्या पत्नीला पळवलं, आणि १ ऑक्टोबरला लामूजवळच्या मांडा बेटावरून एका फ्रेंच महिलेला. ही माणसं राहत्या खोलीतून, घरातून उचलून नेली होती. भर समुद्रात फिरणारी गस्ती नौका तिथे काय करणार होती? आणि लामूपासून मोम्बासा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, तरी फटका मोम्बासालाही बसला.

पुढे २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर आणि २०१४ मध्ये लामूजवळच्या म्पेकेटोनी गावावर दहशतवादी हल्ले झाले. तोवर सोमाली चाच्यांचे हल्ले जवळजवळ थांबले होते! मे २०१४ मध्ये ब्रिटनने मोम्बासाबाबत प्रवासाचा इशारा दिला. डायानीचा किनारा आणि मोम्बासाचा विमानतळ त्या इशाऱ्यात नव्हते. तरीही पर्यटन कंपन्यांनी शेकडो पर्यटकांना सुट्टी अर्धवट टाकायला लावून परत नेलं. हॉटेलं रिकामी पडली ती अशी.

लेखकाने हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाचं नावही घेतलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. चाच्यांचा त्रास त्या देशाने कमी सोसलेला नाही. २००९ मध्ये त्यांची पर्यटकांना डायव्हिंगला नेणारी बोट पळवली गेली, अल्दाब्रा या दूरच्या बेटाच्या सफरी बंद पडल्या. तरी २०१० आणि २०११ मध्ये सेशेल्सला येणारे पर्यटक वाढले. बेटांवर शांतता होती, माणसं विमानाने येत होती, आणि पकडलेल्या चाच्यांवर तिथल्याच न्यायालयात खटले चालले. आपल्या नौदलानेही तिथे गस्त घातली. ही तुलना लेखात यायलाच हवी होती.

लेखासोबतचा नकाशाही मला खटकला. अख्खा पश्चिम हिंदी महासागर लाल रंगवला आहे. तो 'हाय रिस्क एरिया', म्हणजे जहाजांना चाच्यांचा धोका म्हणून आखलेला पट्टा, एके काळी ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत ओढला होता, म्हणजे आपला सगळा पश्चिम किनारा त्यात येत होता. २०१५ मध्ये तो आक्रसला आणि १ जानेवारी २०२३ पासून रद्द झाला. नोव्हेंबर २०२३ नंतर हल्ले पुन्हा सुरू झाले हे मान्य, पण जुना नकाशा आजचा म्हणून छापल्याने वाचणारा माणूस सेशेल्सचं तिकीटही रद्द करेल.

आणि एक. 'एमएससी मेलडी' या क्रूझवर एप्रिल २००९ मध्ये हल्ला झाला तो सेशेल्सपासून सुमारे १८० सागरी मैलांवर. आपण १८० किलोमीटर छापलं आहे. हे अंतर किलोमीटरमध्ये ३३३ च्या आसपास भरतं. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या कोपऱ्यात न छापता त्याच पुरवणीत छापावी.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर