वारसनोंद म्हणजे हक्कसोड नव्हे

संपादक महोदय,

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागू लागली, हे उत्तमच. पण बहिणींनी तलाठ्यापुढे ‘हिस्सा नको’ असा जबाब दिला की त्यांचा हक्क संपला, हा जुना समज अजून जात नाही.

खातेदार वारला त्या क्षणीच मालकी वारसांकडे जाते. फेरफार ही तिची महसुली नोंद. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी, मुलगे व मुली यांना सारखा वाटा मिळतो. आई, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी असल्यास प्रत्येकी एक पंचमांश. मुलगा आधीच वारला असेल तर त्याची विधवा व मुले यांना मिळून त्याचा एक वाटा.

वारसनोंदीसाठी मृत्यूची वर्दी, म्हणजे तलाठ्याला कळवणे, तीन महिन्यांत द्यायची असते. मृत्यूदाखला, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. त्यात सासरी गेलेल्या मुलींसह सगळी नावे हवीत. आठ-अ एकाच गावापुरता असतो, त्यामुळे शेजारच्या गावातला तुकडा मयताच्याच नावावर राहून जातो. दाखल्यावर ‘भाऊसाहेब’ आणि उताऱ्यावर ‘भाऊ’ असेल तर नोंद अडते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसले तर आधी जुने फेरफार काढा. तो माणूस एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेला असतो. केवळ त्याचेच वारस लावले की बाकीच्या भावांच्या शाखा उताऱ्याबाहेर राहतात आणि पुढे दिवाणी दावा उभा राहतो.

बहिणीला खरोखरच हिस्सा सोडायचा असेल तर तिचे नाव आधी लागू द्यावे, मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवावे. नुसत्या स्टँपपेपरवर नोटरी करून भागत नाही. गट नंबर, किती हिस्सा आणि कोणाच्या लाभात, हे स्पष्ट लिहावे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारसाचा हिस्सा तर पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. नोंदणी झाल्यावर त्या दस्तावरून दुसरा फेरफार होतो.

सदनिकेचेही तसेच. वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा सोसायटीचा तात्पुरता सभासद. नुसता शेअर दाखला पाहून त्याच्याकडून सदनिका घेणाऱ्याने इसार देण्यापूर्वी बाकीचे वारस कोण, हे विचारावे.

– एक वाचक