पाच ठिकाणांवर काट मारल्याबद्दल

प्रिय ताई,

सातवीच्या ४२ मुलांना घेऊन, ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा, घामाघूम होऊन तुमच्या संग्रहालयाच्या दारात उभी राहिलेली बाई तुम्हाला आठवत असेल. ती मी. शहर दाखवायचं कबूल केलेले गृहस्थ आलेच नव्हते, त्यांचा फोन लागत नव्हता, आणि माझ्या हातात एका दिवसात उरकायच्या सात ठिकाणांची यादी होती. ‘उरकायच्या’ हाच शब्द माझ्या डोक्यात होता.

तुमचं ते कामही नव्हतं. तरी तुम्ही यादी वाचलीत आणि विचारलंत, "यातलं मुलांच्या लक्षात काय राहावं, असं तुम्हाला वाटतं?" मी गप्प. तुम्ही पाच नावांवर पेन्सिलीने काट मारलीत. आज कबूल करते, त्या क्षणी मला तुमचा रागच आला. पालकांना सात ठिकाणं सांगून बसले होते ना!

मग तुम्ही सगळ्यांची पेनं जमा केलीत आणि पेन्सिली वाटल्यात. चुकून उमटलेली पेन्सिलीची रेघ निघू शकते, शाईचा डाग जात नाही, एवढंच कारण सांगितलंत. ‘हात लावू नका’च्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त लागू पडलं.

पहिल्याच दालनात एकाने विचारलं, "बाई, लाइट गेलेत का?" मीही मनातून तेच म्हणत होते. तुम्ही खिशातून उजेड मोजायचं छोटं यंत्र काढलंत. चित्रापाशी ५० लक्सच्या आसपास. व्हरांड्यातल्या उन्हात धरलं तर आकडा हजारांत. कागदावरच्या जलरंगांना जास्त उजेड सोसत नाही, उडालेला रंग परत येत नाही, आणि नंतर अंधारात ठेवलं म्हणून आधीची झीज भरून निघत नाही, हे तुम्ही सांगत होतात तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हणजे आपण बघतोय तेवढं ते संपतंय?"

"हो, थोडंसं," तुम्ही म्हणालात. गोड करून सांगितलं नाहीत. त्यानंतर त्या खोलीत मला एकदाही ‘शांत बसा’ म्हणावं लागलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत असं क्वचित घडतं.

पण मुलांनी घरी जाऊन सांगितलं ते भलतंच. भिंतीवर एक रिकामी जागा होती. चित्र दुरुस्तीला गेलेलं, खाली नुसती चिठ्ठी. मी पुढे निघाले होते. तुम्ही मुलांना तिथेच बसवलंत आणि मोनालिसाच्या चोरीची गोष्ट सांगितलीत. १९११ चा ऑगस्ट, सोमवार, पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद. तिथे पूर्वी काम केलेला विन्सेंझो पेरुज्जिया जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं ते चित्र घेऊन गेला, आणि चोरी लक्षात आली दुसऱ्या दिवशी. छायाचित्रं काढायला नेलं असेल, असंच रखवालदारांना वाटलं होतं. संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा लोक ती रिकामी भिंत बघायला येऊ लागले. चित्र सापडलं दोन वर्षांनी, फ्लॉरेन्समध्ये. मग तुम्ही म्हणालात, "आता इथे काय होतं, ते तुम्ही काढा."

चाळीसेक चित्रं निघाली. दोघांनी फक्त खिळे काढले, सावलीसकट. माझ्या मते तीच सर्वांत चांगली.

ब्राँझच्या मूर्तींपाशी आपण फार थांबलो नाही. तरी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे मुलांना नीट समजलं. साचा फोडल्यावर तशीच दुसरी मूर्ती निघत नाही, याची हळहळही वाटली. मोहेंजोदडोची नर्तकी केवढी, असं तुम्ही विचारल्यावर सगळ्यांनी हात कमरेपर्यंत नेले. मग कंपासपेटीतल्या पट्टीवर साडेदहा सेंटिमीटर मोजल्यावरचे त्यांचे चेहरे!

आणि माझी ती कार्यपत्रिका: कलाकाराचं नाव, साल, माध्यम, गाळलेल्या जागा भरा. ती कोरीच परत आली. मी गुण दिले नाहीत, कापलेही नाहीत. पुढच्या वर्षीच्या यादीत दोनच ठिकाणं लिहिली आहेत, तर मुख्याध्यापक म्हणतात, एवढ्यासाठी बस कशाला? त्यांना रिकाम्या भिंतीची चित्रं दाखवणार आहे.

त्या दिवशी निघायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचेच राहिले. मनापासून आभार, ताई. तुम्ही दिलेल्या ४२ पेन्सिलींपैकी ३९ या पत्रासोबत पाठवते आहे. उरलेल्या तीन कोणाकडे आहेत ते मला माहीत आहे. त्यांची चित्रं पूर्ण व्हायची आहेत, म्हणून मागितल्या नाहीत.

तुमची,
सातवीच्या वर्गाची बाई